प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते तेव्हा

पुरुषाची साठी उलटली की लघवीची धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते, एखाद्या दिवशी लघवी अजिबात अडते, आणि मग घरची माणसे त्याला जिल्ह्याच्या गावी नेऊन प्रोस्टेटचे ऑपरेशन करून आणतात. हे आता खेडोपाडीही कोणाला नवे राहिलेले नाही. ऑपरेशन चांगले होते, धार मोकळी होते, आणि पंधरा दिवसांत माणूस ओट्यावर येऊन बसतो. पण शंभरातल्या एखाद्याच्या वाट्याला निराळेच येते. पूर्वी लघवी होत नव्हती, आता ती राहत नाही. खोकला आला, गळली. घमेले उचलले, गळली. बसल्या जागेवरून नुसते उठायचे म्हटले तरी धोतर भिजते. आणि हेच ऑपरेशन कॅन्सरसाठी केलेले असेल, सगळी ग्रंथीच काढलेली असेल, तर असे होणाऱ्यांची संख्या याहून बरीच जास्त असते.

पुढे काय होते ते तुम्ही गावात पाहिले असेल, फक्त त्याचे कारण ओळखले नसेल. समजा, एक निवृत्त गुरुजी आहेत. रोज सकाळी देवळात जाणारे, संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारे. ऑपरेशननंतर ते भजनाला येईनासे होतात. एस.टी.चा प्रवास नको म्हणतात. लग्नाचे आमंत्रण आले तर मुलाला पाठवतात. कोणी चहा पुढे केला तर हात आखडतात, कारण प्यायलेला चहा कुठून बाहेर येणार याचे भय असते. नातवंड मांडीवर बसायला आले की ‘जा, आजीकडे जा’ म्हणतात. घरात विचारले तर उत्तर ठरलेले: ‘आता वय झालं.’ गावाला वाटते, गुरुजी विरक्त झाले.

वाचकहो, गुरुजी विरक्त झालेले नाहीत. त्यांची एक झडप नादुरुस्त झालेली आहे. वय झाले म्हणून ती नादुरुस्त झाली असेही नाही, ती का बिघडली हे सांगता येते आणि पुष्कळ वेळा ती दुरुस्तही करता येते. कशी, ते नीट समजून घेऊ.

आपल्या पोटाच्या तळाशी लघवीची पिशवी असते, तिला मूत्राशय म्हणतात. जुन्या काळी पाणी वाहायची चामड्याची पखाल असे, तशी ही, फक्त जिवंत स्नायूची. तिच्या तोंडापासून जी नळी निघते तो मूत्रमार्ग. या नळीच्या अगदी सुरुवातीला, पखालीच्या गळ्याशी, प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती मोठ्या सुपारीएवढी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून आरपार जातो, मण्यातून दोरा जावा तसा. वयाबरोबर हा मणी आतल्या बाजूने फुगतो आणि दोरा आवळला जातो. लघवी अडते ती अशी.

आता झडपांचे पाहा. निसर्गाने पुरुषाला दोन झडपा दिल्या आहेत. एक प्रोस्टेटच्या वर, मूत्राशयाच्या गळ्याशी. ती आपल्या हुकमात नसते, आपोआप मिटलेली राहते. दुसरी प्रोस्टेटच्या लगेच खाली, मूत्रमार्गाभोवती आवळणाऱ्या स्नायूची. शेतात पाणी देताना आपण दोन ठिकाणी दार लावतो, एक पाटावर आणि एक वाफ्याच्या तोंडाशी, तसेच हे. एक फुटले तरी दुसरे पाणी धरते.

प्रोस्टेट फुगलेली असते तेव्हा डॉक्टर दुर्बिणीतून तिचा आतला फुगलेला भाग खरवडून काढतात. हे करताना वरची झडप जाते, तिला वाचवण्यासारखे सहसा काही नसते. मग सगळा भार खालच्या झडपेवर येतो. ती चांगली असली की माणसाला काही फरक कळतही नाही. म्हणूनच या ऑपरेशननंतर कायमची गळती क्वचित होते. कॅन्सरमध्ये मात्र सबंध ग्रंथी काढून मूत्राशयाचे तोंड खाली ओढून मूत्रमार्गाला शिवावे लागते. खालची झडप ग्रंथीच्या टोकाला अगदी चिकटून असते. तिला, तिच्या नसांना, तिला धरून ठेवणाऱ्या पडद्यांना कितीही जपले तरी थोडा धक्का बसतोच. अमेरिकेतील पॅट्रिक वॉल्श या शल्यविशारदांनी १९८२ च्या सुमारास या भागातल्या नसांची वाट नीट शोधून त्या राखून ऑपरेशन करण्याची रीत घालून दिली, आणि आता यंत्रमानवाच्या हातांनीही हे काम होते. त्यामुळे गळती कमी झाली. पण ती संपली असे कोणी प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्या. गळते ते सगळे एकाच कारणाने गळत नाही. नळ टपकतो तेव्हा प्लंबर आधी पाहतो की, तोटीचा वॉशर गेला आहे, की टाकीच भरून वाहते आहे. इथेही तसेच तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार झडप कमजोर झाल्याचा. खोकताना, शिंकताना, हसताना, ओझे उचलताना पोटात दाब येतो आणि लघवी निसटते. असा माणूस रात्री आडवा झोपलेला असताना बहुधा कोरडा असतो, सकाळी बरा असतो आणि दुपारनंतर जास्त भिजतो, कारण दिवसभर आवळून आवळून स्नायू थकलेला असतो. ही खूण फार उपयोगाची आहे.

दुसरा प्रकार पिशवीच्या उतावळेपणाचा. लागली की लागली, धरवतच नाही, मोरीपर्यंत पोचण्याआधीच होते. वर्षानुवर्षे अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाचा स्नायू चिडका झालेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत जी गळती होते ती पुष्कळदा या जातीची असते, आणि ती हळूहळू आपोआप किंवा गोळ्यांनी बरी होते. इथे झडपेवर शस्त्रक्रिया करून फारसा उपयोग नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. लघवी पूर्ण होतच नाही, पिशवी काठोकाठ भरलेली राहते आणि वरचे पाणी सतत थेंब थेंब सांडते. घरच्यांना वाटते की जास्त होते आहे, प्रत्यक्षात ती अडलेली असते. ऑपरेशनच्या जागी व्रण आकसून वाट पुन्हा अरुंद झाली की असे होते. अशा माणसाच्या ओटीपोटावर हात ठेवला तर गोळा लागतो. हे ओळखले नाही तर मूत्रपिंडावर ताण येऊन ती निकामी होण्याचे भय असते. तेव्हा गळतीवर उपाय करण्याआधी वाट मोकळी आहे ना, हे पाहिलेच पाहिजे.

म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ लगेच सुरी हातात घेत नाही. तो लघवी तपासतो, तिच्यात जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करतो. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीवर पाहतो. बारीक दुर्बिणीने मूत्रमार्ग आतून पाहतो. गरज वाटली तर पिशवीत बारीक नळीने पाणी भरत भरत तिच्यातला दाब मोजतो. आणि एक काम तो तुमच्यावर सोपवतो. तीन दिवसांची नोंद. किती वाजता किती प्यालो, किती वाजता किती लघवी झाली, केव्हा आणि काय करताना गळली. मापाचे भांडे घरात असतेच. फडके किंवा पॅड कोरडे असताना आणि भिजल्यावर तोलायचे. जेवढे ग्रॅम वजन वाढले तेवढे मिलिलिटर गळले असे धरायला हरकत नाही. शिक्षक बंधु-भगिनींना इथे एक विनंती आहे. ज्या म्हाताऱ्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी ही नोंद वहीत रकाने आखून कोणी करून दिली तर तपासणीचे निम्मे काम गावातच होईल, आणि ती करताना म्हाताऱ्याच्या मनातले ओझेही थोडे उतरेल.

आता उपचार. पहिला उपचार धीर धरण्याचा. नळी काढल्यावर पहिल्या दिवसांत गळणे हे ठरलेलेच. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुद्धा बहुतेकांची गळती महिन्यामहिन्याने कमी होत जाते आणि वर्षभरात थांबते किंवा अगदी नाममात्र उरते. या काळात ओटीच्या तळातल्या स्नायूंचा व्यायाम करायचा असतो. आर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो बायकांसाठी सांगितला, पण पुरुषांनाही तो लागू पडतो. कसा करायचा? चारचौघांत बसलेले असताना वारा सरू नये म्हणून माणूस जो भाग आतल्या आत आवळून धरतो, तोच भाग आवळायचा. पोट, मांड्या, ढुंगण सैल ठेवायचे, श्वास चालू ठेवायचा. मनात पाच-दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तितकाच वेळ सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकण्यापूर्वी, उठण्यापूर्वी, ओझ्याला हात घालण्यापूर्वी एकदा आवळून घ्यायची सवय लावायची. चालू लघवी मधेच रोखण्याचा सराव मात्र रोज रोज करू नये, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही.

आणि हो, पाणी तोडू नका. हे सांगावे लागते, कारण गळतीला भिऊन पाणी सोडलेली माणसे पुष्कळ असतात. लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चिडते, जंतूंना फावते. चहा कमी केला तर चालेल. विडी मात्र सोडाच. तिचा खोकला दिवसाला शंभर वेळा त्या कमजोर झडपेवर दणका देतो. शौचाला कुंथावे लागत असेल तर त्याचाही बंदोबस्त करा.

सहा महिने झाले, व्यायाम नेटाने केला, तरी गळती हटत नाही, आणि कमीही होत नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार सुरू करायला हरकत नाही. वर्ष उलटूनही कपडे भिजतच असतील तर आपोआप बरे होण्याची आशा थोडी असते, मग वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया मुख्यतः दोन जातींच्या आहेत. मूत्रमार्गाच्या भिंतीत घट्ट पदार्थ टोचून वाट अरुंद करण्याचा एक तिसरा मार्ग आहे, पण त्याचा गुण फार दिवस टिकत नाही, म्हणून तो इथे सोडून देतो.

पहिली शस्त्रक्रिया झोळीची. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत छोटी चीर देऊन मूत्रमार्गाखालून जाळीदार कृत्रिम धाग्याची पट्टी घालतात आणि तिची दोन टोके दोन्ही जांघांकडून बाहेर काढून ओढून घेतात. पाळण्याला दोरी ताणावी तसा मूत्रमार्गाचा तो भाग वर उचलला जातो आणि लोंबकळलेल्या झडपेला आधार मिळतो. यात दाबायचे-सोडायचे काही नाही, माणूस नेहमीसारखी लघवी करतो. पण ही पट्टी आधार देते, नवी झडप देत नाही. खालच्या झडपेत थोडा तरी जीव असला पाहिजे. म्हणून ज्यांची गळती थोडी किंवा मध्यम आहे, आणि ज्यांना त्या भागावर किरणांचा उपचार झालेला नाही, त्यांना ती बरी. ही शस्त्रक्रिया झाली की पुढचे सहा आठवडे फार सांभाळावे लागते. ओझे उचलायचे नाही, पाय फाकून टांग टाकायची नाही, आणि उकिडवे बसायचे नाही. हे शेवटचे शहरातल्या डॉक्टरच्या लक्षात राहीलच असे नाही, बरं का! आपल्याकडे शौचाला, जेवायला, शेतात खुरपायला सगळीकडे उकिडवे बसण्याचीच रीत. पट्टी नीट रुजण्यापूर्वी असे बसले तर ती सरकते. तेव्हा ऑपरेशनला जाण्यापूर्वीच घरात कमोडची खुर्ची आणून ठेवावी.

दुसरी शस्त्रक्रिया कृत्रिम झडपेची. हिचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. लघवी अडली की जी रबरी नळी घालून फुगा फुगवून ठेवतात, तिला दवाखान्यात ‘फोली’ म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. ते फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांचे नाव. याच फोलींनी १९४७ साली बाहेरून आवळता येईल अशी फुगवायची झडप सुचवली होती. ती व्यवहारात रुळली नाही. पुढे १९७२ साली ह्यूस्टन शहरातील ब्रँटली स्कॉट यांनी सबंध शरीरात बसणारी झडप प्रथम बसवली. त्या पहिल्या यंत्राला दोन पंप होते, एक फुगवायचा आणि एक सोडायचा. १९८३ साली एकच पंप असलेले, आपोआप मिटणारे यंत्र निघाले. ए.एम.एस. ८०० हे त्याचे नाव, आणि थोड्याफार सुधारणा होत तेच आजवर सर्वांत जास्त वापरले गेले आहे.

त्याची रचना इतकी साधी आहे की वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल. तीन भाग आहेत, तिन्ही सिलिकोनचे. पहिला भाग फुगणारे कडे. सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा बांगडीसारखा वळवावा तसे ते मूत्रमार्गाभोवती बसते. दुसरा भाग पाण्याचा छोटा फुगा, तो पोटाच्या स्नायूंच्या आड ठेवतात. तिसरा पंप, तो वृषणकोशात कातडीखाली असतो, चाचपला की बोटांना लागतो. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले. एरवी फुग्यातल्या दाबाने कड्यात पाणी भरलेले असते आणि मूत्रमार्ग मिटलेला असतो. लघवी करायची झाली की माणूस वृषणकोशातला पंप दोन बोटांत धरून काही वेळा दाबतो. कड्यातले पाणी फुग्यात जाते, कडे सैल पडते, लघवी मोकळी होते. मग काही करायचे नाही. पाणी एका बारीक छिद्रातून सावकाश परत येते आणि तीन-पाच मिनिटांत कडे आपोआप पुन्हा आवळते. बाहेरून काही दिसत नाही. देवळात, बाजारात, एस.टी.त शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

दाब किती असावा, यातच खरी खुबी आहे. फुगे वेगवेगळ्या दाबांचे मिळतात. नेहमी वापरतात तो ६१ ते ७० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब देतो. म्हणजे टाकी जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर ठेवली तर खालच्या नळाला जेवढा जोर असेल तेवढा. कोणी म्हणेल, एवढाच? जास्त ठेवा की, थेंबही गळणार नाही! पण मूत्रमार्ग जिवंत आहे. त्याला रक्त पोचले पाहिजे. दाब फार झाला तर आतली त्वचा रक्तावाचून झिजते आणि कडे आत रुतते. दाब कमी पडला तर गळते. या दोन टोकांच्या मधली वाट काढायची असते, आणि म्हणूनच हे यंत्र बसवलेला माणूस अगदी जोरात खोकला तर एखादा थेंब येऊ शकतो. तो यंत्राचा दोष नव्हे.

बसवल्याबरोबर हे यंत्र चालू करत नाहीत. पंपावरचे एक छोटे बटण दाबून कडे उघडे ठेवतात, आणि जखम भरून आली की चार ते सहा आठवड्यांनी चालू करतात. मधल्या काळात पूर्वीसारखेच गळत राहते. ‘एवढा खर्च केला आणि काही उपयोग नाही’ म्हणून याच दिवसांत घरात भांडणे होतात. तेव्हा हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

हे यंत्र प्रत्येकाला चालणार नाही. पंप दाबायला हात शाबूत पाहिजे आणि दाबायचा आहे हे आठवायला डोके शाबूत पाहिजे. लकव्याने बोटे गेली असतील, स्मृती फार दगा देत असेल, तर विचार करावा लागतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी तो आटोक्यात आणावा. किरणोपचार झालेल्यांना हे बसवता येते, पण त्यांच्यात कडे रुतण्याचा धोका जास्त.

गुण किती येतो? इथे मी तुम्हांला गोड बोलून फसवणार नाही. २०२१ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिथल्या २७ रुग्णालयांत ३८० पुरुषांना, जणू चिठ्ठ्या टाकून, कोणाला झोळी आणि कोणाला कृत्रिम झडप असे वाटून दिले होते. वर्षानंतर ‘एक थेंबसुद्धा गळत नाही’ असे म्हणणारे दोन्ही गटांत थोडेच निघाले, दहातले आठाहून अधिक लोक थोडीफार गळते असेच म्हणाले. पण गळतीचे प्रमाण आणि तिचा जाच दोन्ही गटांत निम्म्यावर आला होता, आणि दोहोंत झडप बसवलेले लोक थोडे अधिक समाधानी होते. म्हणजे आपली अपेक्षा काय, यावर पुष्कळ अवलंबून आहे. दिवसाला सहा-सात घड्या बदलणारा माणूस एका पातळ घडीवर आला, तर त्याच्यापुरते जग बदलते.

बिघाडही होतात. जंतुसंसर्ग झाला किंवा कडे मूत्रमार्गात रुतले तर सगळे यंत्र काढावे लागते आणि काही महिने थांबून पुन्हा बसवावे लागते. नळी फुटून पाणी पाझरू शकते. दाबाखाली मूत्रमार्ग हळूहळू बारीक होऊन कडे सैल पडू शकते. सुमारे चौघांत एकाला पुढे केव्हातरी दुसऱ्या ऑपरेशनला सामोरे जावे लागते, आणि यंत्र जन्माला पुरेल असे धरू नये. पुष्कळांना आठ-दहा वर्षांनी ते बदलून घ्यावे लागते. वृषणकोश लाल झाला, दुखू लागला, पंपाला कातडी चिकटल्यासारखी झाली, लघवीतून रक्त आले, ताप आला, किंवा बरी असलेली गळती एकाएकी सुरू झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सायकलवरून लांबचे पल्ले मारू नयेत, तिची बैठक नेमकी कड्याच्या जागी दाब देते.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. झडपेचे हे यंत्र परदेशातून येते आणि त्याची किंमत काही लाखांत जाते. झोळीला त्यामानाने बरेच कमी पैसे लागतात. मुंबईला के.ई.एम., शीव, नायर, जे.जे. या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मूत्ररोगाचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे ऑपरेशनचा खर्च थोडा असला तरी यंत्र बहुधा विकत आणावे लागते. अशा वेळी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठावे. कोणता धर्मादाय निधी कुठून मिळेल हे त्यांना ठाऊक असते. आणि ज्यांना कोणत्याच कारणाने ऑपरेशन नको, त्यांच्यासाठी पॅड आहेत, लिंगावर चढवायची पिशवीची टोपी आहे, दोन-दोन तासांनी सोडायचा चिमटा आहे. चिमटा रात्री मात्र लावून झोपू नये.

एक धोका शेवटी सांगायचा ठेवला आहे, कारण तो गावातच उद्भवतो. कृत्रिम झडप बसवलेला माणूस तापाने बेशुद्ध झाला, अपघातात सापडला, किंवा दुसऱ्याच कशासाठी ऑपरेशनला गेला, तर जवळच्या दवाखान्यात पहिली गोष्ट घडते ती लघवीची नळी घालण्याची. आत मिटलेले कडे आहे हे घालणाऱ्याला माहीत नसते. त्याने जोर करून नळी सारली तर मूत्रमार्ग फाटतो, नळी तशीच राहिली तर कडे रुतते, आणि सगळे केलेले वाया जाते. आधी पंप दाबून कडे रिकामे करायचे, बटण दाबून ते तसेच उघडे ठेवायचे, आणि मगच बारीक नळी, तीही थोड्या वेळापुरतीच, घालायची, हा क्रम आहे. रुग्णालयातून मिळालेले कार्ड पेटीत ठेवून उपयोग नाही. गुरुजींनी पुढील मजकूर मराठीत आणि इंग्रजीत स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा, आणि तो खिशात, पाकिटात आणि घरच्या माणसाजवळ असा तीन ठिकाणी असावा:

‘माझ्या मूत्रमार्गाभोवती कृत्रिम झडप बसवलेली आहे. तिचा पंप वृषणकोशात उजव्या/डाव्या बाजूला आहे. झडप रिकामी करून बटणाने उघडी ठेवल्याशिवाय लघवीची नळी घालू नये. ऑपरेशनची तारीख, रुग्णालयाचे नाव आणि दूरध्वनी खाली दिला आहे.’